बरणीतला साप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सापांविषयी आलेली बरीच पत्रे या वेळी एकाच धाटणीची आहेत. बागेत किंवा ओढ्याकाठी बोटाएवढ्या जाडीचा साप सापडला, घरी आणला, आता पुढे काय करायचे? पैदास केंद्रात जन्मलेल्या सापांसाठी लिहिलेल्या सूचना रानातून पकडलेल्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत, म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मुलाने बागेतून वीत-दीड वीत लांबीचा, तपकिरी, अगदी बारीक साप काचेच्या बरणीत आणला आहे. छोटा आहे, चावतही नाही. पाळला तर चालेल का?

उत्तर : आधी बरणी उन्हातून हलवा. बंद काच उन्हात फार लवकर तापते आणि झाकणाला चार भोके पाडली म्हणून ती गार राहत नाही. इतक्या बारीक अंगाचा साप तापायला वेळ लागत नाही, मरायलाही नाही.

छोटा म्हणजे बिनविषारी हा हिशेब सोडून द्या. विषारी सापाचे पिल्लू जन्मतानाच विष आणि दात घेऊन येते. डोके त्रिकोणी आहे का, डोळ्यातली बाहुली उभी आहे का, या ऐकीव खुणाही फसव्या आहेत. कित्येक निरुपद्रवी साप घाबरले की डोके चपटे करतात आणि ते त्रिकोणी दिसते. उलट मण्यारीचे डोके गोलसर आणि बाहुली गोल असते. ओळख पटवायची असेल तर बरणीच्या बाहेरूनच तीन फोटो काढा : वरून पूर्ण अंग, बाजूने डोके, खालून पोट. ते जाणकाराला दाखवा आणि उत्तर येईपर्यंत बरणीत हात घालू नका.

पाळण्याबद्दल म्हणाल तर पहिला प्रश्न कायद्याचा. रानातला साप ठेवता येतो की नाही हे प्रत्येक देशात वेगळे आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राणी नुसता पकडणे हीसुद्धा शिकारच मानली जाते, त्यामुळे तिथे हा विषय इथेच संपतो. जिथे परवानगी आहे तिथेही तुमच्या सापापुरते आमचे मत स्पष्ट आहे : परत सोडा. माणसे मोठ्या सापाला घाबरतात आणि लहान साप सोपा समजतात. प्रत्यक्षात उलटे आहे. लहान अंग लवकर सुकते, लवकर तापते, दोन-चार जेवणे चुकली तरी खंगते, आणि त्याला लागणारे भक्ष्य बहुधा विकत मिळत नाही.

आज रात्र झाली असेल तर सकाळपर्यंत असा ठेवा : घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाला किंचित ओला करून पिळलेला कागदी टॉवेल, त्यावर चुरगळलेला दुसरा टॉवेल लपायला, बाटलीच्या झाकणात पाणी. खायला काही नको, दूध तर मुळीच नको. सापाचे ते अन्न नाही. डबा अंधाऱ्या, २२ ते २५ अंश सेल्सियसच्या जागी ठेवा. सकाळी ऊन कोवळे असताना जिथे सापडला तिथेच, दगडाच्या किंवा पाचोळ्याच्या आडोशाला डबा आडवा करून बाजूला व्हा. ‘जवळच्या छान जंगलात’ नेऊ नका. सापाला त्याची बिळे आणि पाण्याची जागा माहीत असते. अनोळखी मुलखात तो भटकत राहतो आणि बहुधा टिकत नाही.

प्रश्न : आमच्याकडे गार्टर साप (उत्तर अमेरिकेतला, अंगावर लांब पट्टे असलेला निरुपद्रवी साप) ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. ४५ सेंटिमीटरचा एक पकडला आहे. पेटी कशी करावी? शोभिवंत काचपेटीत माती, झाडे, लाकूड असे सगळे तयार ठेवले आहे.

उत्तर : ते सगळे तीन महिने बाजूला ठेवा. रानातून आलेला साप अंगावर आणि पोटात पाहुणे घेऊन येतो असे धरूनच चालायचे. माती आणि सालपटे असली की ते दिसत नाहीत आणि नंतर निघतही नाहीत. ६० ते ९० दिवस साधी पेटी : साधारण ६० × ३० सेंटिमीटर तळ, पांढरे कागदी टॉवेल, दोन आडोसे, एक पाण्याचे भांडे, बास. पांढरा कागद एवढ्यासाठी की विष्ठा, रक्ताचा ठिपका, चालता किडा लगेच नजरेस पडतो.

आडोसे दोन हवेत, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. एकच ठेवलात तर सापाला ऊब किंवा सुरक्षितता यांतले एकच निवडावे लागते, आणि घाबरलेला साप नेहमी लपणे निवडतो, मग खाल्लेले पचत नाही. आडोसा ऐसपैस नको; वेटोळे घातल्यावर पाठ छताला आणि कुशी भिंतीला लागली पाहिजे. उलटा घातलेला छोटा वाडगा, कडेला दार कापून, पुरेसा होतो. कापलेली कड मात्र पॉलिश पेपरने घासा.

उबेसाठी तळाच्या एक तृतीयांश भागाखाली हीट मॅट म्हणजे विजेवर तापणारी चटई, आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला तिला रोखणाऱ्या यंत्राशिवाय, ती कधीच लावू नका. मोकळी सोडलेली मॅट ४० अंशांच्या वर जाऊ शकते. साप चटका बसला तरी जागचा हलत नाही, आणि पोटावरचे खवले तांबूस-तपकिरी पडल्यावर आपल्याला कळते. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मधे चिकटवा. उबदार टोकाच्या तळाचे तापमान २८ ते ३०, गार टोकाचे २२ ते २४ असावे. रात्री २० पर्यंत उतरले तरी गार्टरला चालते. ते डिजिटल थर्मामीटरने मोजा. हात लावून ‘कोमट वाटते’ हे मोजमाप नाही.

हवेसाठी बाजूंना २ ते ३ मिलिमीटरची भोके पाडा, ती आतून बाहेर. बाहेरून आत पाडली की प्लॅस्टिकचे टोकेरी काठ आत येतात आणि साप त्यांवर नाक घासून सोलून घेतो. डोके जाईल त्या फटीतून अख्खा साप जातो, म्हणून पेन्सिल ज्या फटीतून जाते ती बुजवलीच पाहिजे. वायर आत येते तो कोपरा हमखास विसरला जातो.

पाण्याचे भांडे जड, साप पूर्ण बसेल एवढे, अर्धेच भरलेले. काठोकाठ भरले की साप आत शिरताच पाणी कागदावर सांडते आणि पेटी ओली राहते. गार्टर पाण्याकाठचा, म्हणून पेटी दमट ठेवायची, हा गैरसमज बरेच साप घेऊन जातो. सतत ओल्या तळावर पोटाच्या खवल्यांखाली पाण्याचे फोड येतात, मग ते चिघळतात. पेटी कोरडी, भांडे मोठे, हे प्रमाण बरोबर. पुढे मातीवर न्याल तेव्हाही देवदार किंवा पाइनचा भुसा टाळा. त्यातल्या उग्र तेलांनी श्वासनलिकेला त्रास होतो.

प्रश्न : दहा दिवस झाले, काहीच खात नाही. उंदराचे पिल्लू दिले, क्रिकेट किडे दिले, शेवटी चिमट्याने तोंडापाशी धरले तरी तोंड फिरवतो.

उत्तर : कोणता साप हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि सगळे त्यावरच अडले आहे. लहान साप आहारात फार एकमार्गी असतात. डेके जातीचा तपकिरी साप गोगलगाई, शेंबड्या आणि गांडुळे खातो. त्याच्यासमोर उंदीर धरणे म्हणजे गाईपुढे मासा. खरखरीत खवल्यांचा हिरवा साप सुरवंट, कोळी, नाकतोडे असे किडेच खातो. रिंगनेक म्हणजे मानेवर पिवळा-केशरी पट्टा असलेला साप. त्याला सॅलमँडर (पालीसारखे दिसणारे, बेडकाच्या वर्गातले प्राणी) आणि गांडुळे लागतात, आणि पिंजऱ्यात तो बहुधा उपाशी राहूनच संपतो. तुमचा साप रिंगनेक असेल तर पुढचे वाचू नका, आजच सोडा.

गार्टर असेल तर आशा आहे. पहिले पाच ते सात दिवस पेटीला हात लावायचा नाही, फक्त पाणी बदलायचे. पेटीच्या तीन बाजू कागदाने झाका. आठव्या दिवशी संध्याकाळी बशीत एक मोठे गांडूळ, तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे करून, आडोशाच्या दारापाशी ठेवा आणि खोलीतून निघून जा. गांडूळ कोणते हे महत्त्वाचे. गांडूळखताच्या वाफ्यातली तांबडी, पट्ट्यापट्ट्यांची गांडुळे देऊ नका. ती डिवचली की पिवळसर, घाण वासाचा द्रव सोडतात. साप ओकतो, काही वेळा दगावतोही. मासेमारीच्या गळासाठी वापरतात ती जाड गांडुळे किंवा कीटकनाशक न मारलेल्या मातीतली चांगली.

तोंडाशी चिमट्याने धरणे बंद करा. जबरदस्तीने भरवणे तर पशुवैद्याशिवाय नाहीच. एवढ्या सापाचा जबडा बोटाच्या दाबाने मोडतो.

खायला लागला की ४५ सेंटिमीटरच्या गार्टरला आठवड्यातून दोनदा, एका वेळी दोन-तीन गांडुळे किंवा तेवढ्याच वजनाचे मासे. घास सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून जाड नको. नुसत्या गांडुळांत कॅल्शियम कमी पडते, म्हणून एका आड एक जेवणाला चिमूटभर कॅल्शियम पावडर लावा. पुढे उंदराच्या पिल्लावर आणायचे असेल तर गोठवलेले पिल्लू फ्रीजमध्ये वितळवा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात धरा (मायक्रोवेव्हमध्ये नको, आतून शिजते आणि फुटते), कोरडे पुसा आणि चिरलेल्या गांडुळावर घोळवून त्याच बशीत गांडुळांच्या तुकड्यांमध्ये ठेवा. बहुतेकदा हाव नाकाने सुरू होते आणि साप तुकडा समजून पिल्लूही ओढतो. दोन-तीन महिन्यांत गांडुळाचा वास कमी करत न्या.

दर आठवड्याला एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर डब्यासकट वजन करा. उपास मोजू नका, वजन मोजा. पकडल्या दिवसापेक्षा दहा टक्के उतरले की वाट बघणे संपले : डॉक्टर किंवा सुटका. हिवाळा तोंडावर असेल तर साप खाणे आपणहून बंद करतो, तो आजार नव्हे. पण आजारी साप आणि झोपाळू साप यांतला फरकही वजनच सांगते.

प्रश्न : तीन महिने छोटे गोल्डफिश देत होतो, आवडीने खायचा. आता डोके थरथरते, उलटा केला तर सरळ होत नाही, मळसूत्रासारखा पिळला जातो. डोक्याला मार लागला असेल का?

उत्तर : मार नव्हे, मासा. गोल्डफिश, मिनो, कार्प यांच्या मांसात थायमिनेज नावाचे द्रव्य असते, ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकते. एखाद्या जेवणाने काही होत नाही. रोजचेच झाले की काही आठवड्यांत मज्जातंतूंचे काम बिघडते, आणि तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणे त्याचीच आहेत. आज पशुवैद्याकडे न्या आणि ‘रोज गोल्डफिश’ हे आधी सांगा. ब१ चे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर सुधारणा झपाट्याने होते. उशीर झाला तर थरथर कायमची राहू शकते. तोवर पेटीतले जड दगड आणि खोल पाणी काढा, उलटा पडून बुडेल.

इथे एक घोळ नेहमी होतो. मासे गोठवून दिले की निर्धोक, असे लोक समजतात. उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवल्याने जंत मरतात, हे खरे. थायमिनेजला मात्र थंडीने काहीही होत नाही. ते ८० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवल्यावर निकामी होते, पण त्या उष्णतेत माशातले ब१ ही बरेच जाते, म्हणजे वरून पुरवावे लागते. त्यापेक्षा मासाच बदला. गप्पी, प्लॅटी, तिलापिया, ट्राउट, सॅमन यांत थायमिनेज नाही. मोठ्या माशाचे नुसते मांस सतत देऊ नका. काट्यांसकट अख्खा छोटा मासा बरा, नाहीतर पुन्हा कॅल्शियमची तूट.

प्रश्न : साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून असतो. उकडत असेल म्हणून मॅट बंद केली, तरी तेच.

उत्तर : मॅट चालू करा आणि भांड्याचा तळ बघा. खसखशीच्या दाण्याएवढे काळे ठिपके बुडालेले दिसले तर ते माइट, म्हणजे सापाचे रक्त पिणारे बारीक किडे, आहेत. रात्री पांढऱ्या कागदावर टॉर्च मारा, ठिपके चालताना दिसतील. साप हातातून गेल्यावर तळव्यावर काळे कण उरले, डोळ्याभोवतीच्या खोबणीत कड जाडसर दिसली, हनुवटीखालचे खवले किंचित उचललेले वाटले, तर खात्रीच. साप त्यांना बुडवायला पाण्यात बसतो. लहान सापाच्या अंगात रक्तच थोडे, त्यामुळे मोठ्या सापाला नुसता त्रास देणारे माइट याला रक्तक्षयाने मारू शकतात.

लाकूड, साल, माती असेल ते सगळे पिशवीत बांधून फेका. पेटी रिकामी करून कडक पाण्याने धुवा, कोपरे आणि झाकणाची खाच ब्रशने घासा, कारण अंडी सापावर नसतात, ती फटींत असतात. ही गोष्ट न कळल्याने लोक सापाला पुन्हा पुन्हा आंघोळ घालतात आणि पंधरवड्याने सगळे पहिल्यापासून सुरू होते. सापाला २८ ते ३० अंशांच्या, अंगाच्या निम्म्या उंचीएवढ्या पाण्यात अर्धा तास ठेवा, समोर बसून. डोक्यावरचे माइट त्याने मरत नाहीत. ते ओल्या कापसाच्या बोळ्याने टिपा. कागद रोज बदला. औषध मात्र डॉक्टरच ठरवतील, कारण मात्रा वजनावर आणि तुमचा साप म्हणजे फार तर पन्नास-साठ ग्रॅम. कुत्र्याच्या गोचिडीचा फवारा, रॉकेल, डांबरगोळ्या यांनी माइटच्या आधी साप जातो. शेवटचा ठिपका दिसल्यानंतरही सहा आठवडे पांढरा कागदच ठेवा.

गोचीड असेल तर तिचे प्रकरण सोपे : टोकदार चिमट्याने कातडीला लागून धरायची, सरळ ओढायची, जागेवर सौम्य जंतुनाशक.

विष्ठेचा ताजा नमुना, चोवीस तासांच्या आतला, एकदा तपासून घ्या. पोटातल्या जंतांचे औषध अंदाजाने देऊ नये.

प्रश्न : कुंडीत गांडुळासारखा चकचकीत काळा किडा निघाला, जीभ काढतो. साप आहे का? पाळता येईल?

उत्तर : वाळा आहे. दहा ते सतरा सेंटिमीटर, अंग कोरडे आणि गुळगुळीत, गांडुळासारखी वळी नाहीत, डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके. शेपटीला बारीक काटा असतो, त्याने तो मातीत रेटा देतो, डंख नव्हे. कुंड्यांच्या मातीतून हा साप जगभर पसरला आहे आणि त्याला जोडीदार लागत नाही : सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालणाऱ्या. पाळायला काही अर्थ नाही. तो मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो, ते तुम्ही पुरवणार कुठून, आणि दिवसरात्र मातीत राहणार म्हणजे दिसणारही नाही. कुंडीत परत ठेवा, वर चमचाभर पाणी शिंपडा. मुंग्या कमी होतील.

प्रश्न : कात अर्धवट निघाली आहे. शेपटीच्या टोकाला कडे राहिले आहे, एक डोळाही पांढुरका दिसतो. ओढून काढू का?

उत्तर : नको. हवा कोरडी होती, एवढेच. छोट्या डब्यात ओला करून पिळलेला टॉवेल किंवा स्फॅग्नम शेवाळ घाला आणि सापाला २८ अंशांत दोन-तीन तास आत ठेवा. तो स्वतःच घासून काढतो. शेपटीचे कडे राहू देऊ नका, ते रक्तपुरवठा आवळते आणि टोक वाळून गळते. डोळ्यावरचा पापुद्रा मात्र नखाने, चिमट्याने, चिकटपट्टीने, कशानेही काढायचा नाही. पुढच्या कातीबरोबर जाऊ द्या. दोन काती राहिला तर डॉक्टर. कात टाकण्याआधी दोन्ही डोळे निळसर-दुधाळ होतात तेव्हाच दमट आडोसा ठेवून दिला तर ही वेळ येत नाही. त्या दिवसांत साप खात नाही आणि नीट दिसत नसल्याने चावऱ्या होतो, हात लावू नका.

प्रश्न : उचलले की फार घाण वास सोडतो. सवयीने जाईल का?

उत्तर : बहुधा कमी होईल. तो शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींचा स्राव आहे, भीतीचा. खाल्ल्यावर ४८ तास उचलू नका, नाहीतर वासाबरोबर जेवणही बाहेर येईल. मग दहा-बारा दिवस उपास आणि पुढचा घास निम्मा. हात साबणाने धुवा, पेटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका : सापाच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती साप देऊच नका.

प्रश्न : सकाळी पेटीत एकाऐवजी पंधरा साप! पिल्ले आईजवळ राहू द्यावीत का? आणि पाच महिने झाले, आता सगळ्यांनाच सोडून द्यावे असे वाटते.

उत्तर : वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला पकडलेली गार्टर मादी गाभण असण्याची शक्यता मोठी असते, आणि ती अंडी नव्हे, पिल्लेच देते. आईला पिल्लांशी काही देणेघेणे नाही. ती वेगळ्या डब्यात काढा, दोन-तीनच्या गटाने, आणि खायला देताना प्रत्येकाला एकटे ठेवा. एकाच गांडुळाची दोन टोके दोघांनी धरली की मोठे पिल्लू गांडुळासकट लहान भावाला गिळते. डब्याची भोके एक मिलिमीटरची हवीत.

सोडण्याबद्दल : घरात दुसरा साप, पाल, सरडा, कासव कधीच नव्हते, चिमटे-भांडीही कुणाकडून आणली नव्हती, आई धडधाकट आहे, कायदा सोडायला परवानगी देतो आणि थंडीला अजून दोन महिने तरी आहेत : या पाचही गोष्टी होकारार्थी असतील तरच, आणि तीही जिथे पकडली तिथेच. पिल्लांना जेवणाची सवय लावत बसू नका, लवकरात लवकर आईच्याच जागी सोडा. एकही उत्तर नकारार्थी असेल तर रानात सोडणे बंद. पाळलेल्या सापांकडून रानातल्यांना बुरशीचा रोग जातो आणि तो वरून दिसेलच असे नाही. अशा वेळी वन विभाग किंवा नोंदणीकृत बचाव केंद्राला कळवा, आणि पकडल्याची तारीख, जागा आणि काय काय खायला दिले ते कागदावर लिहून बरोबर द्या.